पेटीतल्या वह्या आणि जगभरचे वाचक

(मुकुटबन, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आत्मकथन म्हटले की थोरामोठ्यांची नावे डोळ्यांसमोर येतात. मुकुटबनसारख्या गावातील निवृत्त शिक्षकाला, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला किंवा तीन पिढ्यांचा संसार सांभाळलेल्या आजीला कोणी ‘आपल्या आठवणी लिहा’ असे सुचवले, तर उत्तर ठरलेले असते. आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर या भूमीच्या इतिहासातच आहे. १९५२ साली या परिसरात जन्मलेल्या माणसाचा विचार करावा. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचे गाव मध्य प्रदेश राज्यात होते व राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. घराचा उंबरठा न ओलांडता या माणसाने आठ वर्षांत तीन राज्ये पाहिली. राज्य बदलले त्याची तारीख राजपत्रात आहे. पण त्या दिवशी घरातील वडीलधारे काय बोलले, शाळेत कोणता बदल झाला, कचेरीतील कागदाचा वेग वाढला की मंदावला, हे राजपत्रात नाही. ते फक्त त्या माणसाच्या स्मरणात आहे, आणि माणूस गेला की तेही जाते.

म्हणून आजचा विषय केवळ साहित्यिकांचा नाही. आठवणी लिहिणाऱ्या सामान्य माणसाला आंतरजालावर वाचक कसा मिळेल, आणि त्यासाठी कार्यकर्त्याने काय करावे, हा तो विषय आहे. सांगायचे सूत्र एकच आहे. आठवणींना वाचक मिळतो तो गाजावाजाने नव्हे. लेखन सापडेल असे, वाचता येईल असे आणि विश्वास ठेवता येईल असे मांडले, तर वाचक आपोआप येतो. हे काम लेखकाने एकट्याने करण्याचे नाही, त्याला शेजारचा हात लागतो.

संकोच आणि साक्ष

सामाजिक कामात आयुष्य घालवलेल्या मंडळींचा एक विशेष संकोच असतो. प्रसिद्धिपराङ्मुख राहण्याचा संस्कार त्यांच्यात मुरलेला असतो आणि ‘मी’ हा शब्द लिहिताना हात थांबतो. हा संस्कार मोलाचा आहे. त्यातूनच थोरांविषयी लिहावे, स्वतःविषयी लिहू नये, अशी वृत्ती तयार झाली. जवळच्या वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र संस्कृतात लिहिले. त्या ग्रंथाला १९७३ साली, त्यांच्या निधनानंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही परंपरा आदरणीयच आहे.

परंतु आत्मस्तुती आणि साक्ष यांत फरक आहे. ‘मी किती मोठे काम केले’ हे सांगणे म्हणजे आत्मस्तुती. ‘माझ्या डोळ्यांसमोर काय घडले’ हे सांगणे म्हणजे साक्ष. १९७५ साली आणीबाणी लादली गेली, तेव्हा विशीत असलेला तरुण आज सत्तरी ओलांडून गेला आहे. कोणाच्या घरी पत्रके दडवली होती, वडील कारागृहात असताना घरी धान्य कोणी पोहोचवले, कोणत्या शेजाऱ्याने दार लावून घेतले आणि कोणी उघडले, हे त्याने सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार? विनय म्हणून ही साक्ष पेटीत बंद ठेवली, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ तारखा राहतील.

रिद्धपूरचा धडा

वऱ्हाडाला हा विषय नवा नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी गावोगाव पायपीट केली. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याकडून विचारून घेतले. आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे आठवणींचा संग्रह आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. सामान्य अनुयायी, स्त्रिया, वृद्ध यांच्या स्मरणावर तो उभा आहे.

या ग्रंथाच्या पुढील प्रवासात आजच्या लेखकासाठी दोन धडे आहेत. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा बांधली, असे परंपरा सांगते. एकच प्रत असली की असे संकट येते. दुसरा धडा लिपीचा. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण शतकानुशतके बाहेरच्या मराठी वाचकाला त्यांतील एक ओळही वाचता आली नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाडे आदी संशोधकांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे हा खजिना मराठी वाचकांसाठी खुला झाला.

हाच प्रकार संगणकयुगात पुन्हा घडला. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या टंकांत लिहिला गेला. एका संगणकावर सुबक दिसणारे आत्मचरित्र दुसऱ्या संगणकावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. छापखान्यांत असा मजकूर आजही पडून आहे. ती आधुनिक सकळ लिपीच म्हणायची. म्हणून पहिला नियम असा की आठवणी युनिकोड मराठीतच टंकलिखित कराव्यात. जुन्या टंकातील मजकूर हाती असेल, तर तो रूपांतरित करून, एकदा मुळाशी ताडून, मगच प्रसिद्ध करावा.

वहीच्या पानाचे छायाचित्र काढून पाठवणे ही याच चुकीची नवी आवृत्ती आहे. छायाचित्रातील अक्षरे शोधयंत्राला भरवशाने वाचता येत नाहीत. अक्षर लहान असेल तर आजोबांच्या वयाच्या वाचकालाही ती वाचता येत नाहीत. शिवाय एका गटातून दुसऱ्या गटात जाताना लेखकाचे नाव गळून पडते आणि ‘आलेला संदेश’ एवढीच त्याची ओळख उरते. छायाचित्र पुरावा म्हणून अवश्य जपावे. वाचकाला मात्र अक्षरे द्यावीत.

लिहून घेणारा हात

मराठीतील अनेक थोर आठवणींमागे दुसऱ्या कोणाचा तरी आग्रह उभा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात होते. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत येऊन ते आपल्या संसारात रमले. चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह धरला म्हणून पंचवीसेक वर्षांनी त्यांनी तो प्रवास लिहून काढला. १९०७ साली वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तेव्हा गोडसे भटजी हयात नव्हते. वैद्यांनी मजकुरावर संपादकीय हात फिरवला होता, म्हणून पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली नवी आवृत्ती काढली. वैद्यांचा आग्रह नसता, तर एका याज्ञिकाच्या डोळ्यांनी पाहिलेली झाशी मराठीला कधीच मिळाली नसती.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून वाचल्या. पुत्र सोपानदेव यांनी तो संग्रह आचार्य अत्र्यांना दाखवला आणि १९५२ साली तो प्रसिद्ध झाला. रचना बहिणाबाईंची होती, उतरवून घेणारा हात घरातला होता.

आज हा हात होणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून टंकलेखन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. खिशातील मोबाईलपुढे बोलले की मजकूर उमटतो. तरी यंत्राच्या मर्यादा ओळखाव्यात. वऱ्हाडी उच्चार, गावांची नावे, शेतीतील शब्द यांत ते हमखास चुकते. म्हणून आधी ध्वनिमुद्रण करावे, मग मजकूर तयार करावा, तो ज्येष्ठांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांनी मान हलवली की मगच पुढे जावे.

प्रश्न कसे विचारावेत, हेही शिकण्यासारखे आहे. ‘काही आठवणी सांगा’ म्हटले की माणूस गप्प होतो किंवा उपदेश करू लागतो. प्रश्न लहान आणि नेमका हवा. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तेव्हाच्या शेतकऱ्याला विचारावे की बंडी घेऊन केंद्रावर किती रात्री काढाव्या लागत, रांगेत जेवण कोण आणून देई, प्रतवारीवरून वाद झाला तर काय होई, चुकारा हाती आला तेव्हा पहिली खरेदी कोणती केली? मग बोलणे थांबत नाही. त्यात पऱ्हाटी, धुरा, डवरणी, सरकी असे शब्द येतील. ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाहीत म्हणून पुसू नयेत. वाक्यातच अर्थ उमगेल अशी सोय करावी. त्या शब्दांत त्या माणसाचा आवाज आहे.

झरी-जामणी तालुक्यात कोलाम, गोंड, परधान बांधवांची मोठी वस्ती आहे. सीमेपलीकडे आदिलाबाद असल्याने तेलुगूही कानावर पडते. ज्या आजीला कोलामीत किंवा गोंडीत बोलणे सोपे वाटते, तिने त्याच भाषेत बोलावे. मूळ बोल देवनागरीत उतरवून शेजारी मराठी अनुवाद द्यावा. प्रमाण मराठीचा आग्रह धरून त्या माऊलीला गप्प करणे म्हणजे तिचे अनुभवधन गमावणे होय.

वाचक शोधतो, त्याला सापडले पाहिजे

आता वाचकाकडे वळू. आठवणींचा वाचक प्रथम लेखकाला शोधत नाही, तो स्वतःला शोधतो. मुकुटबनची सासरी गेलेली लेक, नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा, अमेरिकेत स्थायिक झालेला कुटुंबातील नातू, हे सारे शोधचौकटीत आपल्या गावाचे नाव लिहितात. तेथे त्यांना नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक आणि २०२२ साली सुरू झालेल्या सिमेंट कारखान्याच्या बातम्या सापडतात. गाव कसे जगत होते, हे सापडत नाही. ती रिकामी जागा आठवणींनी भरायची आहे.

त्यासाठी शीर्षक बोलके हवे. ‘माझे बालपण’ किंवा ‘त्या सोनेरी दिवसांच्या स्मृती’ या नावाखाली हजारो लेख आहेत. त्यापेक्षा ‘एकाधिकार खरेदीच्या दिवसांतील मुकुटबन: एका शेतकऱ्याच्या आठवणी’ हे नाव साधे असले, तरी शोधणाऱ्याच्या हाती लागते. पहिल्याच परिच्छेदात गाव, तालुका, जिल्हा आणि साल यावे. नावांची जुनी रूपेही द्यावीत. यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत आणि इंग्रजी कागदपत्रांत त्याचे रूप ‘वून’ असे आढळते. जुने कागद धुंडाळणारा अभ्यासक त्या नावानेही शोधत असतो.

एका लेखात एकच प्रसंग असावा. मोबाईलवर वाचणाऱ्याला आठशे ते हजार शब्द सुखाने वाचता येतात. संपूर्ण आयुष्य एकदम मांडण्याऐवजी ते हप्त्याहप्त्याने द्यावे आणि दर आठवड्याचा वार ठरवून पाळावा. ही युक्ती जुनीच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, पण त्याआधी ती नियतकालिकातून क्रमशः वाचकांपुढे आली होती. वाचकाला वाट पाहण्याची सवय लागली की तो स्वतःहून परत येतो. प्रत्येक लेखाच्या शेवटी मागील व पुढील लेखाचे दुवे द्यावेत आणि सर्व लेखांची सूची एका ठिकाणी ठेवावी.

पहिले पन्नास वाचक हे ओळखीतूनच येतात. मात्र दुवा सरसकट शंभर गटांत टाकून ते मिळत नाहीत. ज्याचा त्या आठवणीशी संबंध आहे त्याला वैयक्तिक निरोप द्यावा. ‘काका, तुमच्या वर्गशिक्षकांवर लिहिले आहे, साल बरोबर आहे का ते पाहा’ एवढे पुरे. तो वाचतो, दुरुस्ती सुचवतो, स्वतःची आठवण जोडतो आणि चार जणांना आपणहून पाठवतो. दुरुस्ती आली तर ती कृतज्ञतेने नोंदवावी. वाचलेल्याला उत्तर मिळाले की वाचक टिकतो. मराठी माणसाने ही जवळीक आंतरजालाच्या बाल्यावस्थेतच अनुभवली आहे. १९९६ साली अमेरिकेतील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. देशापासून दूर असलेल्यांनी तेथे सण, स्वयंपाक, गाव, शाळा यांविषयी लिहिले आणि एकमेकांचे लेखन वाचले. त्यांतील बहुतेकांनी पूर्वी कधी लेखक म्हणून मिरवले नव्हते.

डोळे थकलेल्या वाचकांचाही विचार व्हावा. तोच लेख ज्येष्ठांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून सोबत ठेवला, तर वाचू न शकणारेही ऐकतात. आजोबांचा आवाज दूरदेशीच्या नातवाच्या कानी पडतो, याचे मोल शब्दांपलीकडचे आहे.

मर्यादा पाळावी

वाचक मिळवण्याच्या उत्साहात एक भान सुटता कामा नये. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून. ज्या घरावर असा आघात झाला, त्या घरातील भगिनीकडे परक्यांनी वारंवार तोच एक प्रसंग मागितला. तिच्या आयुष्यात त्यानंतरची वर्षेही आहेत. तिने शेती कशी सांभाळली, कर्ज कसे फेडले, मुले कशी शिकवली, हे तिला सांगावेसे वाटेल तर तिने सांगावे. काय सांगायचे आणि काय नाही, हे तिनेच ठरवावे. प्रसिद्ध केलेला लेख उद्या काढून टाकावा असे तिला वाटले, तर तो निमूटपणे काढावा. दुःख हे वाचकसंख्या वाढवण्याचे साधन नव्हे.

इतरांच्या नावांबाबतही हाच विवेक हवा. भाऊबंदकी, धुऱ्याचे भांडण, जुने वैर यांत ज्यांची नावे येतात त्यांची मुले त्याच गावात राहतात. कागदावरची वही घरात राहते, आंतरजालावरचे पान जगभर जाते. गरज नसेल तेथे नाव टाळावे. तथापि गावात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी तो सांगितला, तर गावाचे नाव खराब होईल म्हणून तो गाळू नये. जो समाज स्वतःच्या उणिवा ऐकू शकतो, तोच सुधारतो.

लेखनाचा अधिकारही जपावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर प्रताधिकार असतो. कोणी पुस्तक काढून देतो म्हणून न वाचता कागदावर सही करू नये. टंकलेखनाला मदत करणाऱ्याने मदतनीस म्हणून नाव द्यावे, लेखक म्हणून नव्हे.

एकाच पेटीवर विसंबू नये

शेवटचा मुद्दा टिकाऊपणाचा. आंतरजालावर टाकले म्हणजे ते कायमचे राहिले, हा भ्रम आहे. लक्षावधी भारतीय तरुणांनी ज्यावर मनोगते लिहिली, ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लसही एप्रिल २०१९ मध्ये मिटले. ज्यांनी प्रत काढून ठेवली नव्हती त्यांचे शब्द गेले. रिद्धपूरच्या पोथीची कथा येथे पुन्हा आठवते. म्हणून प्रत्येक लेखाच्या तीन प्रती असाव्यात. एक संकेतस्थळावर, एक घरच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक कागदावर छापून गावच्या वाचनालयात. कागदी प्रतीवर लेखकाचे नाव, गाव आणि लिहिल्याची तारीख असावी.

बंधुभगिनींनो, या कामाला मोठा निधी, इमारत वा संस्था लागत नाही. एक तरुण, एक ज्येष्ठ आणि आठवड्यातील एक तास पुरतो. महिन्याला दोन लेख पूर्ण झाले, तर वर्षाला चोवीस होतात. दहा घरांनी हे केले तर एका वर्षात दोनशे चाळीस आठवणींचा ग्रामकोश उभा राहतो. गावाचा असा इतिहास बाहेरून येऊन कोणीही लिहून देणार नाही.

तरुणांनी या रविवारी आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसावे, मोबाईल बाजूला ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि पहिला प्रश्न विचारावा. ज्येष्ठांनीही ‘माझ्याजवळ काय आहे’ असे म्हणून तो परतवू नये. वाचक दूर असेल, अनोळखी असेल, कदाचित अजून जन्मलाही नसेल. गोडसे भटजींनी आपला वाचक पाहिला नाही, पण त्यांनी लिहून ठेवले म्हणून तो त्यांना भेटला. पेटी उघडण्याचे काम मात्र आजच करावे लागेल.